जेद्दाहून तीन तासांत

"माझे मिस्टर जेद्दाहून तीन तासांत घरी आले, साहेब. असं होतं का?"

भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या सुरैयाने खुर्चीत बसता बसताच विचारलं. खाजगी तपास करणाऱ्या केसरीनाथांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा मदतनीस महादू मनात हसला. नवरा लवकर आला म्हणून तक्रार करणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली. पुढचं ऐकलं आणि त्याचं हसू विरलं.

गेल्या शुक्रवारी पहाटे तिची सासू जाहिदा झोपेतच वारली. सासऱ्यांनी सकाळी नऊला तिच्या नवऱ्याला, अब्दुलला, जेद्दाला तार केली. दोन वर्षांपूर्वी परदेशी गेलेला अब्दुल बाराला दारात हजर! जुम्म्याच्या नमाजानंतर त्याने आईला खांदा दिला. 'तार मिळाली तसा निघालो,' म्हणाला.

"मुंबईत दुसरं घर तर नाही ना त्यांचं?" सुरैयाने विचारलं. "एवढंच सांगा. मग मी रडायला मोकळी."

ती गेल्यावर महादू म्हणाला, "तिकडचं घड्याळ अडीच तास मागे असतं, साहेब. तेवढा वेळ वाचला असेल."

"घड्याळ मागे म्हणून विमान लवकर पोचतं होय रे? साडेतीन हजार किलोमीटर. पाच तास हवेतच जातात. वर सहार विमानतळाहून भिवंडी."

महादूने बोटांवर तास मोजले.

सासरे नूर मोहम्मद भेटले. "जाहिदा दर जुम्म्याला कशेळीच्या दर्ग्यावर जायची. पोरासाठी दुआ मागायला. सूनबाई फकिरांसाठी डबा द्यायची."

"डबा धुऊन परत यायचा," सुरैया म्हणाली. "एकदा अम्मी म्हणाल्या, मिरची कमी घालत जा."

अब्दुल फारसं बोललाच नाही. जेद्दात एसी ऑफिसात कारकून होतो, म्हणाला. त्याच्या तळहातांना घट्टे होते.

नाक्यावर रिक्षावाला कोंडू सापडला. "म्हातारीला मीच नेयाचो. शुक्रवारी सकाळी आठला कशेळीची फेरी. गेला शुक्रवार धरून एक पण चुकली न्हाय." किती नेकीचा माणूस, महादूला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी केसरीनाथ सगळ्यांसमोर बसले.

"अब्दुल विमानात बसलाच नव्हता. त्याला तारेने नाही, माणसाने कळवलं. जाहिदाबी पहाटेच गेल्या, तरी त्या शुक्रवारी आठला कोंडू कशेळीला कुणासाठी गेला? फकीर डबा धुऊन देत नाहीत, मिरचीही कमी करायला सांगत नाहीत. मिरची कुणाला सोसत नाही, भाभी?"

सुरैयाने नवऱ्याकडे पाहिलं.

"एजंटने खोटा व्हिसा दिला," अब्दुल खाली मान घालून म्हणाला. "एअरपोर्टवरूनच परत फिरलो. निघताना गल्लीने हार घातले होते, कुठल्या तोंडाने येणार? कशेळीच्या गोदामात हमाली धरली. अम्मीने बघितलं. कुणाला सांगू नको म्हणून मीच शपथ घातली."

"अर्ध्या तासाचा रस्ता," नूर मोहम्मद पुटपुटले. दुसरी बायको निघाली असती तर बरं झालं असतं, असं महादूला वाटून गेलं. निदान भांडता तरी आलं असतं. त्याला तिथे बसवेना.

सासूच्या नावाने फकिरांना द्यायला सुरैयाने सकाळीच डबा भरला होता. तो तिने अब्दुलसमोर ठेवला, झाकण काढलं.

"मिरची कमीच आहे."

त्याने डब्याला हात लावला नाही.

"दोन वर्षं माझ्या हातचं खाल्लंत," ती म्हणाली. "एकदा तरी डब्यात चिठ्ठी ठेवायची होती."

आणि ती आत निघून गेली.