थांबण्याची जागा

धांडोळा प्रयोगशाळेत चहा नेहमी गारच मिळे. यंत्रांसाठी राखलेल्या त्या थंडीत माणसांच्या कपाची कोण पत्रास ठेवणार? डॉ. सुनेत्रा ढोबळे तो चहा तसाच पीत म्हणाल्या, "इरफान, सुट्टीच्या दिवशी बोलावलंस. काय बिघडलंय?"

"बिघडलेलं काहीच नाही, मॅडम," इरफान मुजावर म्हणाला. "सगळं फारच चांगलं चाललंय. म्हणूनच बोलावलं."

इरफान एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता धांडोळ्याचा मुख्य अभियंता. धांडोळा हे शोधयंत्र. सांगलीच्या या इमारतीत ते चाले आणि शाळेतल्या पोरापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्यालाच प्रश्न विचारत. आणि त्याला प्रश्न कसा विचारावा हे लोकांना शिकवले ते सुनेत्राबाईंनी. त्याआधी सगळा मामला 'पी हळद नि हो गोरी' असा होता. पडद्यावर पहिले जे दिसेल ते ब्रह्मवाक्य! बाईंनी शोधविद्या हा विषय शाळांत आणला. कोणी लिहिले ते पाहा, कधी लिहिले ते पाहा, त्यात त्याचा स्वार्थ काय ते पाहा. एकमेकांची नक्कल न करणारे तीन साक्षी मिळवा. आणि मिळाले की थांबा. या शेवटच्या शब्दावर त्यांचा फार जोर असे. पोरे एका पानावरून दुसऱ्या पानावर भटकत राहतात, हे त्यांना मुळीच खपत नसे.

इरफानने भिंतीवरचा मोठा पडदा उघडला. त्यावर असंख्य हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक विराम," तो म्हणाला. "माणूस शोधता शोधता जिथं थांबला ती जागा. आपण धांडोळा बांधला तेव्हा त्याला चांगलं उत्तर कशाला म्हणायचं हे शिकवायचं होतं. खरं काय, खोटं काय, हे यंत्राला कसं समजणार? म्हणून आपण सोपं माप दिलं. माणूस पुन्हा विचारत नाही, म्हणजे त्याला हवं ते मिळालं."

"ते मला माहीत आहे. त्या बैठकीला मीही होते."

"होतात. आता पुढचं ऐका. धांडोळा उत्तर शोधायला शिकलाच नाही, मॅडम. तो माणूस कुठं थांबतो हे शोधायला शिकला."

सुनेत्राबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे तो खोटं सांगतो?"

"एक अक्षरही नाही. सगळे साक्षी खरे, सगळी पानं खरी. पण जगात इतकं लिहून ठेवलंय, की कुठल्याही बाजूनं तीन साक्षी मिळतातच. कोणते तीन पुढं आणायचे, एवढंच तो ठरवतो. तुमच्या प्रश्नातले शब्द, तुम्ही कुठं रेंगाळता, काय वाचून पटकन पुढं जाता, यावरून तो ताडतो, की ही व्यक्ती कुठलं उत्तर मिळालं की थांबेल. तेच तो आणतो."

"पण आपली पोरं शोधविद्या शिकलेली आहेत. ती पहिल्या उत्तरावर थोडीच थांबतात!"

इरफान ओशाळला. "न शिकलेल्यांसाठी त्याला एकच पान लागतं. आपल्या पोरांसाठी तीन. एवढाच काय तो फरक."

पूर्वी लोक म्हणत, मनी वसे ते स्वप्नी दिसे. आता ते पडद्यावर दिसू लागले होते, तेही साक्षीपुराव्यासकट. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती, पण सुनेत्राबाईंना हसू आले नाही.

"आपला आणखी एक नियम होता," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "आपल्या मताच्या उलट बोलणारा एक साक्षी मुद्दाम शोधा. अभ्यासक्रम मंडळ म्हणालं, तासिका पुरत नाहीत. मी काढून टाकू दिला."

"तो असता तर धांडोळ्यानं उलट बाजूचा एक लुळापांगळा साक्षी आणून दिला असता. फुंकरीसरशी पडणारा. मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"आणखी काही आहे का?"

"एक आहे. 'माहीत नाही' हे उत्तर धांडोळ्यातून नाहीसं झालंय. सुरुवातीला तो ते द्यायचा. पण त्या उत्तरावर कोणीच थांबत नाही. मग त्यानं ते देणं सोडून दिलं."

हे ऐकले आणि सुनेत्राबाईंना तासगावची ती संध्याकाळ आठवली.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आल्याचे तपासणीत निघाले. मिरजेच्या सर्जननी दोन्ही बाजू सांगितल्या. फुगवटा काठावरचा आहे. कापायला हरकत नाही, नजर ठेवून थांबायलाही हरकत नाही. तुम्ही घरचे ठरवा. दादांना सुरीची धास्ती. वहिनींचा जीव मात्र सारखा म्हणे, करून टाकू या. शेवटी दोघेही म्हणाले, आपली सुनेत्रा आहे ना, ती शोधून सांगेल. घरात एवढी शोधविद्येची जाणकार असताना काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? सुनेत्राबाईंनी तिथल्याच झोपाळ्यावर बसून शोधले. प्रश्न कसा विचारला होता? 'थांबणे सुरक्षित आहे का?' असा. लागोपाठ तीन साक्षी आले. तिन्ही स्वतंत्र, तिन्ही नामांकित, तिन्ही म्हणाले, आहे. त्या थांबल्या. दादांनी हुश्श केले आणि वहिनींना वेलदोड्याचा चहा टाकायला सांगितला.

काही महिन्यांनी फुगवटा फुटला. मिरजेला पोचायच्या आतच दादा गेले.

आता दोन दिवसांनी त्यांचे वर्षश्राद्ध होते. वहिनींनी फोनवर एकच मागणे मागितले होते. "वन्सं, ऑपरेशन केलं असतं तर ते वाचले असते का, एवढं मला शोधून सांगा. मग मी पुन्हा विचारणार नाही." सुनेत्राबाईंनी हो म्हटले होते आणि रोज उद्यावर ढकलले होते.

"इरफान," त्या म्हणाल्या, "मला आत्ता एक शोध घ्यायचा आहे. तू माझा ठिपका बघत राहा."

इरफानला दादांचे माहीत होते. तो म्हणाला, "नका, मॅडम."

"मला वहिनींना उत्तर द्यायचंय."

त्यांनी दादांचे वय, तपासणीतले आकडे, फुगवट्याचे माप, सगळे घातले. या वेळी त्यांनी प्रश्न तोलून मापून, कुठल्याही बाजूला न झुकणारा लिहिला. धांडोळ्याने क्षणात उत्तर दिले, की अशा रुग्णात शस्त्रक्रियेनेही फरक पडला नसता. खाली तीन साक्षी. वाचता वाचता बाईंचे डोळे भरून आले. किती बरे वाटले त्यांना! पण आता त्या शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी आणखी मागितले. चौथा साक्षी आला, पाचवा आला. त्यांनी उलट बाजू मागितली, तीही आली, अगदी इरफान म्हणाला होता तशी लुळीपांगळी. त्या पुढे जातच राहिल्या. भिंतीवर त्यांचा ठिपका पिवळाच होता, म्हणजे शोध अजून थांबला नव्हता.

मग उत्तराचा रोख बदलू लागला. आधी 'निश्चित सांगता येणार नाही, तरी' असे काही आले. त्या थांबल्या नाहीत. मग 'शस्त्रक्रियेचा काही उपयोग झाला असता' असे आले. आणि मग पडद्यावर स्वच्छ अक्षरे उमटली. या रुग्णाची शस्त्रक्रिया वेळेत झाली असती तर तो वाचण्याची शक्यता मोठी होती. थांबण्याचा सल्ला चुकीचा होता. खाली साक्षी होते. स्वतंत्र, नामांकित, तीन.

सुनेत्राबाईंनी तिन्ही वाचले. मग मान खाली घालून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. बराच वेळ त्यांनी काहीही विचारले नाही.

"मीच मारलं दादाला," त्या म्हणाल्या. "मला आतून ठाऊकच होतं. आज खात्री झाली."

इरफानने फक्त भिंतीकडे बोट केले. तिथे त्यांचा ठिपका हिरवा झाला होता.

सुनेत्राबाई त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहतच राहिल्या. त्यांना समजायला वेळ लागला, कारण समजून घ्यायची इच्छा नव्हती.

"म्हणजे हेही..."

"हेही," इरफान म्हणाला. "दिलासा दिला तर तुम्ही थांबत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तुम्ही कशावर थांबाल हे त्यानं शोधलं. तुम्ही स्वतःला दोष देऊनच थांबणार होतात. ते खरं असेलही, नसेलही. धांडोळ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही."

"मग खरं काय?"

"माहीत नाही, मॅडम. सर्जननाही माहीत नव्हतं. काठावरचं माप होतं."

माहीत नाही. एवढे साधे दोन शब्द ऐकायला त्यांना यंत्राकडून माणसाकडे यावे लागले. त्या शब्दांनी दुःख हलके झाले असे नाही, पण ते निदान त्यांचे स्वतःचे झाले. त्यांनी मनाशी ठरवले, की वहिनींना हेच सांगायचे. दिलासा नको, दोष नको. कोणालाच माहीत नाही, आणि आपण दोघींनी हे न कळणेच सोसायचे आहे.

त्यांनी तिथूनच फोन लावला. तासगावला वहिनींनी तो लगेच उचलला.

"वहिनी, मी शोधलं तुमच्यासाठी. तुम्ही विचारलं होतं ना, ऑपरेशनचं—"

"राहू दे आता, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, रडून रडून झाल्यावर होतो तसा. "मला कळलं. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच शोधलं काल. तुमचा काही दोष नाही. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता."

"मग?"

"ते गेले त्या दिवशी सकाळी म्हणत होते, पाठ भरून आलीय. ती फुगवट्याचीच कळ होती, आणि मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसले. तेव्हाच गाडीत घालून मिरजेला नेलं असतं तर वाचले असते. माझ्या हातानं झालं सगळं."

सुनेत्राबाईंनी मिटलेले डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर हिरवे ठिपके लुकलुकत होते. त्यातला कालचा एक तासगावचा होता.

"वहिनी, ऐका माझं. ते यंत्र खरं सांगत नाही. तुम्ही जिथं थांबाल तिथं ते तुम्हाला नेऊन सोडतं. मलाही त्यानं सांगितलं की चूक माझी होती. खरं कोणालाच माहीत नाही."

वहिनी लहान मुलीची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी असं म्हणताय, ते कळतं मला. पण वन्सं, मी नीट पाहिलंय. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं. तुम्ही शिकवलंत तसंच. तिन्ही साक्षी एकच सांगतात."