रुआबांध्याची दुधी काच

अरुणकुमारच्या रिटचिंग डेस्कची काच एप्रिलात तडकली आणि भिलाईच्या सेक्टर दहाच्या बाजारातल्या त्याच्या फोटो स्टुडिओचं निम्मं काम अडून बसलं. डेस्क म्हणजे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. झाकणात दुधी काच, तिच्याखाली आरसा. आरसा खिडकीचा उजेड वर फेकतो; काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, खड्डे, पुटकुळ्या एकेक टिंब देत बुजवायच्या. लग्नाच्या मुलीचा फोटो असा हात फिरल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. मुलाकडचे आधी आपली पेन्सिल पसंत करतात, मग मुलगी, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. फोटो त्याच्या सख्ख्या बहिणीचा, विजयाचा होता. लहानपणी तिला देवी आल्या होत्या आणि गालांवर वण ठेवून गेल्या होत्या. एकामागून एक नकार आले. आता दुर्गच्या पंजाबरावांनी आपल्या रेल्वेतल्या मुलासाठी तिचा फोटो मागवला होता. हे स्थळ हातचं गेलं तर विजया पुन्हा कुणासमोर बसणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडातून कुणी काढत नव्हतं.

त्याने दोन डेस्कं पाहिली. एक हथखोजच्या हिरालाल मिस्त्रीने पत्र्याचं करून दाखवलं. मजबूत होतं, पण काच खरखरीत. पेन्सिल तिच्यावर कुरकुरायची. "जिंदगीभर चलेगा, भैया," हिरालाल म्हणाला. चालेल हो, पण बहिणीचा चेहरा म्हणजे काय रेल्वेचा रूळ आहे?

दुसरं रुआबांध्यात होतं. देवराव नावाचा म्हातारा रिटचर वारला होता आणि त्याची बायको अंजनाबाई ते विकायला बसली होती. सागवानी पेटी, हात लागून लागून झिजलेल्या कडा. अरुणकुमारने काचेवरून बोट फिरवलं आणि त्याचा जीवच अडकला. इतकी मऊ काच त्याने जन्मात पाहिली नव्हती. जराशी कोमट लागली, पण एप्रिलात भिलाईत गार असतं तरी काय?

"कावून विकता, काकू?"

"घरात नोको वाटते मले ते."

बोलताना तिचा पदर सरकला. केस पांढरे शुभ्र, हातांवर सुरकुत्यांचं जाळं, आणि चेहऱ्यावर मात्र एक रेघ नाही. नाकाच्या बाजूला नाही, डोळ्यांच्या कडेला नाही.

"तुमी तं अजून तरण्याच दिसता," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"त्याहीनं माहा फोटो लय वेळा केला," ती म्हणाली. ओठ फारसे हलले नाहीत. "हात थांबेच ना त्याहीचा."

अरुणकुमारला उगाचच शिसारी आली. पण मऊ काचेपुढे रिटचर म्हणजे गुळाला लागलेला मुंगळा. डेस्क सायकलच्या कॅरिअरला बांधून तो निघाला तेव्हा अंजनाबाईने आतून कडी लावून घेतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विजयाची निगेटिव्ह काचेवर ठेवली. पेन्सिल नुसती वाहत होती. डाव्या गालावरचा एकेक वण टिंबाटिंबाने बुजत गेला. पेन्सिलीचं टोक मधूनमधून जिभेला लावायची त्याची जुनी, घाणेरडी सवय. आज जीभ खारट झाली. खारट आणि खवट, कुणाच्या तरी महिनाभर न धुतलेल्या उशीसारखी. तो थुंकला. निगेटिव्ह उचलून पाहिली, तर खाली काच ओलसर होती. फडक्याने पुसली. फडक्यावर पिवळट तेलकटपणा उतरला आणि त्याला घामाचा वास होता. पुसून हात बाजूला घेतो न घेतो तोच काचेला पुन्हा पाझर सुटला. मघाशी मऊ होती तिथे बोटाला आता बारीक बारीक खड्डे लागले.

दुपारी तो जेवायला क्वार्टरवर आला तर दारातच माय, कलावती, उभी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"पाह्य बाप्पा, माही हळद लागू पडली."

विजयाचा डावा गाल साफ होता. उजव्यावर वण जसेच्या तसे. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"दुखते का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. गाल बधिर होऊन राहिला. आपला वाटतच नाही."

त्याने ताट सरकवलं. तोंडात अजून तीच खवट चव होती. तो तसाच उठून स्टुडिओत गेला आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने निगेटिव्ह पुसू लागला. पेन्सिल असली तर निघेल, पुन्हा वण येतील. कापूस पांढराच राहिला. निगेटिव्हवर पेन्सिलीचा एक कण नव्हता. डाव्या गालावर कधी वण नव्हतेच, असं ती निगेटिव्हच सांगत होती.

मागे चपला वाजल्या. विजया त्याच्या पाठोपाठ आली होती. ती डेस्कवर वाकली. काचेवर आता मानेवर असते तशी बारीक लव दिसत होती.

"याच्यावर केला का फोटो?"

"हाव. मी मोडून टाकतो हे."

"अन् मग? अर्ध्या तोंडानं बसू का त्याहीच्यापुढे?" "उरलेलं बी कर, दादा."

"विजू, मले किळस येऊन राहिली याची."

"माह्या तोंडाची लोकाईले वीस वर्षं येऊन राहिली. तुले एक दिवस येऊ दे."

त्याने केलं. नाकाला रुमाल बांधून, कोपराने पाझर पुसत उजवा गाल भरला. वण संपले. हात थांबला नाही. ओठांच्या कडेची हसण्याची रेघ गेली. मग दुसऱ्या बाजूची. मग त्वचेची बारीक छिद्रं, जी कुठलंही गिऱ्हाईक कधी पाहत नाही. दुपार कलल्यावर त्याने पेन्सिल भिंतीवर फेकली आणि तो मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासत बसला.

फोटो दुर्गला गेला. फोटो पसंत असल्याचा निरोप आला. मे महिन्यात मंडळी मुलगी बघायला आली.

कूलर गरम वारा फेकत होता. पंजाबरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता, त्यांच्या बायकोच्या, तुळसाबाईंच्या, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. विजया पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तिचा चेहरा कोरडा होता. मुलगा एकटक पाहत होता. माय दाराआड हात जोडून उभी होती.

"बस, बाई, माह्याजवळ बस," तुळसाबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी फोटो काढला, तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. "आतावरी इतक्या पोरी पाह्यल्या. फोटो एक अन् पोरगी एक. ही तं जशीच्या तशी हाय."

पंजाबरावांनी मान डोलावली. पसंती झाली.

कलावती रडू लागली. अरुणकुमारला वाटलं, जाऊ दे, निभावलं. बहीण सुखाला लागली.

तुळसाबाईंनी मायेने विजयाच्या गालावर हात ठेवला. क्षणभर तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि बोटं पदराला पुसली. बोलता बोलता पुन्हा पुसली.

विजया मान खाली घालून बसली होती. हसायला सांगितलं तरी हसत नव्हती. तिच्या गालावर तुळसाबाईंच्या चार बोटांचे ठसे रेषांसकट रुतले होते, आणि मंडळी उठून चपला घालेपर्यंत ते बुजले नाहीत.