थोरलीचं पान

बॅटरी विझव रे ती. ऐकायचं तर गप बसून ऐका, हसायचं तर आत्ताच उठून घरी जा. मधेच खुसखुस केलीत तर मी उठेन, मग बसा टीव्हीतल्या भुतांना घाबरत.

गुणाजी कोळी मी पाहिलेला. कल्याणच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन यायचा. उंच, काळा, चार शब्दांच्या जागी एक बोलणारा. त्याच्या बाबतीत घडलं ते सांगतो. कल्याणच्या वरच्या अंगाला नदी मोठं वळण घेते, तिथं कातळबंदर नावाचा कोळ्यांचा पाडा. साल ब्याण्णव. भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या, वार शनिवार. दुपार कलल्यावर गुणाजी पिशवी काखेत मारून कल्याणला निघाला. काम एवढंच, नदीतल्या कुंपणाला बांधायला तार आणायची.

आता नदीत कुंपण कशाला, ते ऐका. गुणाजीच्या आज्याच्या काळी त्या वळणावर मगरी कातळाकातळावर ऊन खात पडायच्या. मग बंदुकवाले साहेब आले, कातड्याला भाव आला, आणि आपलेच लोक वाळूतली अंडी उकरून फोडायला लागले. संपल्या. गुणाजीनं लहानपणी एकसुद्धा मगर पाहिली नाही. ऐंशीच्या पुढं कधीतरी जंगल खात्यानं वरच्या पाण्यात पिल्लं आणून सोडली, हातभर लांबीची. पावसाच्या लोंढ्याबरोबर त्यातली काही खाली आली, वळणावर राहिली आणि वाढली.

लोकांनी आधी बोंब मारली. मग खात्याचा गार्ड आला, मधु नावाचा. मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती, पण पोरगा पाय रोवून राहिला. घाटाच्या पायऱ्यांपुढं पाण्यात बांबू ठोकून त्यानं जाळी मारून घेतली. बायांनी धुणं, अंघोळ त्याच्या आत करायची. दिवेलागणीनंतर पाण्याला पाय लावायचा नाही. मासे पायरीवर साफ करायचे नाहीत, आतडी पाण्यात फेकायची नाहीत. आणि मगरीला खायला घालायचं नाही. कधीच नाही, कुणीच नाही.

"तुम्ही घातलंत की तिला कळतं, माणूस दिसला म्हणजे खायला मिळतं," मधु सांगायचा. "मग घास कुठला आणि हात कुठला, ते ती बघत बसणार नाही."

लोकांनी ऐकलं. आपले लोक कुणाचं ऐकत नाहीत, पण हे ऐकलं. इतक्या वर्षांत एक कुत्रं सोडलं तर काही गेलं नाही. सगळ्यात मोठी मादी होती, तिला बाया थोरली म्हणायला लागल्या. ती कातळावर आ वासून पडलेली असायची. गुणाजीचा शेजारी परशुराम म्हणायचा, "आमच्या थोरल्या वहिनीपेक्षा बरी. तोंड उघडं ठेवते, पण बोलत नाय."

असं सगळं चाललेलं. मग नव्वदच्या पावसात गुणाजीचा एकुलता एक पोरगा नाथा सुटलेली होडी धरायला उतरला आणि लोंढ्यात गेला. मगरीनं नाही नेला. पाण्यानं नेला. देह मिळाला नाही.

त्या वर्षी पितरांच्या दिवशी गुणाजीच्या बायकोनं, मनुबाईनं, अंगणात पान वाढलं. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, नाथाला आवडायचं ते सगळं. कावळा शिवेना. "तुझी होडी इकनार नाय," मनुबाई म्हणाली. कावळा कौलावरच. "तुझं जालं कुनाला देनार नाय." तरी नाही. "तुझ्या बापाला दारू पिऊ देनार नाय." गुणाजी पीत नव्हता, तरी तेही म्हणून झालं. ऊन उतरलं. शेवटी दिवस मावळताना तिनं पान उचललं, घाटावर नेलं आणि कुंपणाच्या बाहेर, पाण्याच्या काठाला ठेवलं. थोरली वर आली. पानासकट घेऊन गेली.

मनुबाई घरी येऊन म्हणाली, "शिवलं."

त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. गुणाजीनं ते पाहिलं, म्हणून गप्प राहिला. मग प्रत्येक अमावास्येला पान जायला लागलं. मधुला कुणी सांगितलं नाही. आईला कोण अडवणार?

तर त्या शनिवारी सकाळी गुणाजी अंघोळीला उतरला आणि त्याला कुंपणाच्या कोपऱ्यातले बांबू हलताना दिसले. काथ्या विळीनं कापलेला. माणूस आडवा शिरेल एवढी फट.

"मने, ह्ये काय केलंस?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"त्याला भायेरनं घ्यावं लागतंय. भिकाऱ्यावानी." मनुबाई कोलंबी सोलत होती, मान वर केली नाही. "आत येऊन घेऊ दे."

"तो नाथा नाय. जनावर हाय ते."

"मग कावळा तरी काय होता?"

 गुणाजीला एवढंच कळत होतं, पोरगा गेला, आता ही तरी राहिली पाहिजे. ओरडून ऐकणारी नव्हती ती. तो उकिडवा बसला तिच्यापुढं. "मी तार आनतो. फट बांधतो. तंवर उतरू नको. मी आलो की मग काय करायचं ते दोगं मिळून करू."

मनुबाईनं हातातली कोलंबी खाली ठेवली. "थांबते. पन दिवे लागायच्या आत या. तो वाट बघत ऱ्हातो."

परशुराम ओट्यावर बिडी ओढत होता. "दादा, आज काथ्यानं बांध ना. तार उद्या आण."

"काथ्या ती कापते."

"मग वहिनीलाच बांध."

गुणाजी हसला. त्या घरात दोन वर्षांत कुणी हसलेलं नव्हतं. आणि निघाला.

आता माणसाचं नशीब बघा. अमावास्येला लोखंडाची दुकानं बंद असतात हे कल्याणात शेंबड्या पोराला माहीत आहे. गुणाजीला माहीत नव्हतं, कोळ्याला लोखंडाशी काय घेणं. तो बाजारभर फिरला. शटरं खाली. शेवटी स्टेशनच्या मागं एका भंगारवाल्याकडं तारेचं भेंडोळं मिळालं. बाहेर आला तर दिवे लागत होते. एसटी गेलेली. रिक्षावाला कातळबंदर म्हटल्यावर मान फिरवायचा. एका विटांच्या टेंपोनं त्याला फाट्यापर्यंत आणून सोडलं, तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

फाट्यावरून पाड्याला दोन वाटा. एक नदीच्या काठानं, जवळची. एक वीटभट्टीला वळसा घालून. गुणाजी अर्थातच जवळच्या वाटेला लागला. झपाझप चालत होता. मनात एकच, थांबली असेल. शब्द दिलाय. थांबली असेल.

वाट नदीला लागते तिथं आंब्याचं एक वाळलेलं खोड होतं. खोडापाशी कुणीतरी उभं होतं.

"कोन हाय?"

"मी."

मनुबाईचाच आवाज. गुणाजीच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ राग. "अगो, येड लागलंय का? काळोखात कशाला आलीस? पान कुठाय?"

"दिलं."

"थांबनार होतीस ना?"

"थांबले होते." ती म्हणाली. "लय थांबले."

गुणाजी पुढं जायला लागला. ती आडवी आली. "ह्या वाटंनं नको. भट्टीकडनं चला."

"घर ह्या वाटंनं जवळ, भट्टीकडनं कशाला?"

"चला."

तिचा आवाज असा होता की त्यानं वाद घातला नाही. वळले. ती नदीच्या बाजूनं चालत होती, तो आतल्या बाजूनं. तो जरा काठाकडं सरकला की ती मधे यायची. त्याच्या कानावर तिच्या पायांचा आवाज पडत होता. चपक… चपक… वाट कोरडी होती. कितीतरी दिवस पाऊस नव्हता.

"भिजलीस कशी?"

ती चालत राहिली.

"थंडी वाजंल. हात दे इकडं."

"नको."

"का?"

"तुमचा हात सुका हाय."

गुणाजीनं पुढं केलेला हात मागं घेतला. का घेतला ते त्याला कळलं नाही. भट्टी आली. विझलेली. कुत्री पडलेली असतात तिथं, नेहमी अंगावर येतात. त्या रात्री उठली… शेपट्या पोटात घातल्या… आणि विटांच्या मागं गेली. एकही भुंकलं नाही.

 बोलायला पाहिजे होतं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. दोन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते गुणाजीच्या तोंडातून निघालं.

"मने… तो आलेला का? नाथा?"

चपक… चपक…

भट्टी मागं पडली. बांध आला. पाड्याचे दिवे दिसायला लागले. त्याला वाटलं, ऐकलंच नाही तिनं.

"नाय वो," मनुबाई म्हणाली. "तो नव्हता."

आणि थोडं चालल्यावर…

"कदीच नव्हता."

  घर आलं. अंगणाच्या कडेला ती थांबली. पुढं येईना.

"आत जावा."

"तू?"

ती तिथंच उभी.

गुणाजी अंगण ओलांडून दारापाशी गेला. दाराला बाहेरून कडी. कडीवर हात ठेवून तो मागं वळला…

अंगणात कुणी नव्हतं.

तेवढ्यात घाटाच्या बाजूनं माणसं आली. कंदील, बॅटऱ्या, काठ्या. सगळ्यांत पुढं परशुराम. गुणाजीला बघून तो जागीच थबकला.

"दादा? तू… तू कुठनं आलास?"

"भट्टीकडनं."

"भट्टीकडनं!" परशुरामानं कपाळावर हात मारला. "देव पावला. थोरली भायेर आलीय. नदीच्या वाटंवर, खोडाच्या पुढं आडवी पडलीय. तुला आडवायला मान्सं निघालेली… पन जायला कुनी धजंना…"

"मनी कुठाय?"

 परशुरामासारखा माणूस, ज्याचं तोंड मेल्यावर वेगळं बंद करावं लागलं असतं, तो कंदिलाच्या काचेकडं बघत उभा.

"आरं मनी कुठाय? माज्याबरोबर आली ना आत्ता. भिजलेली. हितं उभी होती."

शांताबाई म्हणून एक म्हातारी होती, ती मागं रडायला लागली. तिनं वरच्या ओट्यावरून पाहिलेलं. मनुबाई पान घेऊन घाटावर बसून होती. फाट्याकडं बघत. दिवे लागले तरी बसून होती. मग उठली. पायरी उतरली. कुंपणाच्या आत पाण्यात हात लांब केला…

"दादा," परशुराम म्हणाला, "वहिनी दिवेलागनीलाच…"

 

रात्रभर होड्या फिरल्या. पान मिळालं, पालथं. बाकी काही नाही. उजाडायच्या सुमाराला मधु गार्ड सायकल मारत आला, फट पाहिली आणि खालीच बसला. पाड्यातले तरणे भाले घेऊन उतरले होते. म्हणत होते, आज थोरलीला सोडायची नाय, आणि तिच्या पिल्लांनापन नाय.

गुणाजी पायऱ्या उतरून त्यांच्या आडवा आला.

"कुनाला मारताय? दर अमाशेला घास आमच्या घरातनं जात होता. तिला येळ आमी लावली. ती येळेवर आली."

"दादा, पन वहिनी…"

"वहिनी तिला मारून येनार हाय का?"

भाले खाली झाले. पटलं म्हणून नव्हे. त्याच्या तोंडाकडं बघवेना म्हणून. गुणाजी कमरभर पाण्यात गेला आणि त्यानं फट बांधली. तार पिरगाळून, गाठीवर गाठ, बोटांतून रक्त येईपर्यंत. कुणी मदतीला गेलं नाही. त्यानं बोलावलंही नाही. आता आत ठेवायला त्याच्याकडं कुणी नव्हतं, तरी बांधली.

मग तो एकटा घरी आला.

तुम्ही बिल्डिंगीत वाढलेली पोरं, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जुनी कोळीण बांगड्या एकाच हातात घालायची, डाव्या. उजव्या हातातल्या लग्नाच्या दिवशी पाण्याला द्यायच्या. माझ्या नवऱ्याला सांभाळ म्हणून. पाण्यात सोडलेल्या त्या बांगड्या कुणी पुन्हा बघत नाही.

गुणाजीच्या उंबऱ्यावर बांगड्या ठेवल्या होत्या. हिरव्या काचेच्या. एकीवर एक, नीट रचून. शेवाळ धरलेलं, बारीक शिंपल्या चिकटलेल्या… एकही फुटलेली नाही. त्यानं उचलून हातावर घेतल्या. सोळा वर्षांच्या नवरीच्या मनगटाच्या होत्या, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.