तीन नंबरचं मशीन

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या अंजनीआत्यानं हे मला समोर दिवा लावून, देवाच्या शपथेवर सांगितलं.

आत्या देव मानत नव्हती, आणि दिवा वीज गेली म्हणून लावला होता, हा भाग वेगळा.

साल १९३८. महिना श्रावण. जागा बेळगावचा खडेबाजार, कापडाच्या दुकानावरच्या माडीवरचा टायपिंग क्लास.

वेळ... भर दुपारी बारा.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी पसरवलं, ते लोक दुपारी झोपत असावेत.

आत्या वडगावच्या विणकराच्या घरची. वय अठरा, शिक्षण इंग्रजी चौथी. माझे वडील तिचे थोरले भाऊ. ती त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांनी तिच्यासाठी खानापूरचं एक स्थळ आणलं होतं. बिजवर, चाळिशीचा, पहिल्या बायकोची तीन मुलं. आत्यानं तोंडावर नकार दिला.

"मग काय करनार हाईस?" अण्णांनी विचारलं.

"टायपिंग शिकनार. नोकरी करनार."

"पोरींनी आजवर कुठं टायपिंग केलंय व्हय?"

"पोरींनी आजवर काय काय केलं न्हाय त्याची यादी सांगा अण्णा. शिकले की टाइप करून देते."

अण्णा यादीच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी निकाल दिला. दिवाळीआधी सरकारी परीक्षा होती. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर खानापूर.

क्लास मारुतीराव मास्तरांचा. सहा मशीनं. मुलं सकाळ-संध्याकाळ यायची. आत्याला वेळ मिळाली बारा ते एक, मुलं आणि मास्तर जेवायला गेल्यावर. जिन्यावर राखणीला झाडलोट करणारी नागुबाई बसायची. राखण सुरू झाल्यापासून पाचव्या मिनिटाला ती घोरू लागायची.

मुलीनं वापरलेल्या मशीनवर बसायला मुलं तयार नव्हती, आणि तीन नंबरच्या मशीनवर कुणीच बसायला तयार नव्हतं. मास्तरांनी दोन्ही अडचणी एकाच खुर्चीत बसवल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातांवर पंचा टाकला. "कळांकडं बघायचं नाही. दहाही बोटं चालवायची."

आत्याला त्याचं नवल वाटलं नाही. मागावर बसणारं माणूस हाताकडं बघत नाही, कापडाकडं बघतं. फक्त ओळ संपल्याची घंटी वाजली की तिचा पाय आपोआप दाबला जायचा.

"पाय कशाला आपटतीस गं?"

"मागाला पायपट्टी असती मास्तर."

"ह्याला न्हाय."

"मग पायांनी तासभर काय करायचं?"

मास्तरांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ते जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते झालं.

आत्या टाइप करता करता थांबली. मशीन थांबलं. खालच्या बाजारातही क्षणभर कुणी बोललं नाही.

आणि मागून आवाज आला... कर्र... कर्र...

टाकाचं टोक कागदावर चालावं तसा.

ती वळली. मागे रिकामं टेबल. त्यावर धूळ.

तिनं पुन्हा टाइप करायला सुरुवात केली. आवाज बंद.

थांबली.

कर्र... कर्र...

चौथ्या दिवशी शाईचा वास आला. क्लासमध्ये शाई नव्हती. दौत होती ती मास्तरांच्या कपाटात, कुलपात.

पाचव्या दिवशी तिचा उजवा हात कळांवर होता, आणि... अंगठा हलला.

तिनं हलवला नव्हता.

अंगठा तर्जनीकडे सरकला. मधलं बोट खालून येऊन टेकलं. तिन्ही बोटं घट्ट जुळली. लिहिणाऱ्या माणसाची जुळतात तशी.

तिनं डाव्या हातानं ती ओढून सोडवली. बोटं बर्फासारखी गार होती. मनगटावर मात्र... कुणाच्या तरी तळहाताची ऊब होती.

ती जिन्यावर गेली आणि नागुबाईला हलवून उठवलं.

"नागुबाई, ह्या मशीनवर आधी कोन बसत हुतं?"

"रवळूआप्पा." नागुबाईनं डोळे चोळले. "का? आलं व्हय?"

रवळूआप्पा तीस वर्षं एका कचेरीत कारकून होते. मोत्यासारखं अक्षर. त्यांच्या हातचा अर्ज साहेब आधी नुसता बघायचा, मग वाचायचा. मग कचेरीत मशीन आलं. साहेब म्हणाला, तीन महिन्यांत शीक, नाहीतर घरी बस.

"रोज दुपारी येत हुतं बिचारं. पर टाक धरून धरून तीन बोटं चिकटल्यागत झालती. सुटंचनात. एक दिवस बाराच्या ठोक्याला मशीनवरच मान टाकली बघ."

"मग मास्तरांनी काय केलं?"

"मशीन पुसलं."

"आनि मला कुनी सांगितलं का न्हाय?"

"तू इचारलंस कुठं?"

आत्या घरी काही बोलली नाही. भुताचं नाव काढलं असतं तर क्लास त्याच दिवशी बंद झाला असता आणि अण्णा खानापूरला निरोप घेऊन निघाले असते. तिनं दोन्ही बाजूंचा विचार केला. रवळूआप्पांना तीन मुलं नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घरून दौत, टाक आणि कोरे कागद घेऊन गेली. मागच्या टेबलावरची धूळ पदरानं पुसली. सगळं नीट मांडलं. शेजारी सरावाच्या पुस्तकातला एक इंग्रजी अर्ज नकलून ठेवला. कचेरीचं छप्पर गळतं म्हणून साहेबाला लिहिलेला.

मग ती रिकाम्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, तुमच्यावर अन्याय झाला. कबूल. पर त्यो मी केल्याला न्हाय. मला खानापूरला जायाचं न्हाय. तुमाला लिवायचंच हाय न्हवं? मग ह्यो टाक घ्या. तुमची बोटं तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी. अर्ज एकच. बघू कोन आधी संपवतंय."

काही हललं नाही.

ती आपल्या जागेवर येऊन बसली. कागद चढवला.

मागे... खुर्ची सरकली.

"मागं वळून बघितलंस का?" मी विचारलं होतं.

"येडा का खुळा तू? शर्यतीत मागं कोन बघतंय?"

टक टक टक टक.

कर्र... कर्र... कर्र...

ती हरली. तिचे पाच शब्द बाकी असताना मागचा आवाज थांबला. टेबलावरचा कागद भरलेला होता. अक्षर असं, की छपरातून गळणारं पाणीसुद्धा देखणं वाटावं.

शाई ओली होती.

"उद्या परत," आत्या म्हणाली, आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशीही ती हरली. तिसऱ्या दिवशीही. पण बोटं आता तिची तिच्याजवळ होती. तिनं मागाचा ठेका धरला. घंटी वाजली की पाय, पाय पडला की पुढची ओळ. मास्तर विचारायचे, "वेग कसा गं वाढला?" ती म्हणायची, "शेजार चांगला हाय."

मास्तरांनी शेजारी बघितलं. मग ते बारा वाजायच्या आधीच जेवायला जाऊ लागले.

एकोणिसाव्या दिवशी ती जिंकली.

शेवटची कळ पडली तेव्हा मागे टाक अजून चालत होता. मग तोही थांबला. एकदम. मधेच.

तिनं कागद बघितला. शेवटची इंग्रजी ओळ मराठीत सांगायची तर, "आपला अत्यंत आज्ञाधारक." पुढे "सेवक" लिहायचं राहिलं होतं.

टाक टेबलावर आडवा पडला होता. अजून... डुलत होता.

आत्या सांगायची, इतक्या दिवसांत तिला भीती वाटली ती तेव्हाच. कारण तिला वाटलं होतं, आप्पा रागावतील. कुणी रागावलं नाही. जिन्यावरून पावलं उतरली, वाकलेल्या माणसाची असतात तशी, सावकाश. नागुबाई झोपेतच बाजूला सरकली.

त्यानंतर माडीवर आवाज आला नाही. आत्या रोज टाक मांडून ठेवायची. शाई वाळून जायची.

परीक्षेत चाळीस मशीनं एका हॉलमध्ये होती. चाळीस उमेदवारांत बाई ही एकटी. पर्यवेक्षकानं तिला दोनदा विचारलं, कुणाबरोबर आलीस? मग घंटा झाली, आणि वडगावच्या सगळ्या मागांनी एका वेळी सुरुवात करावी तसा कडकडाट उठला. वेळ संपली. पर्यवेक्षक ओरडला. चाळीसही मशीनं एका क्षणात गप्प झाली.

आणि त्या शांततेत... तिच्या अगदी पाठीमागे...

कर्र.

एकदाच.

तिच्या पाठीमागे भिंत होती.

आत्या पास झाली. अण्णांनी शब्द पाळला आणि खानापूरला नकार कळवला.

रवळूआप्पांचा तो अर्धवट कागद तिनं ट्रंकेत जपून ठेवला होता. ती गेल्यावर मी तो बाहेर काढला. मी शिकलेला माणूस आहे, कॉलेजात तर्कशास्त्राला पहिला आलो होतो, म्हणून त्या शेवटच्या ओळीवरून मुद्दाम बोट फिरवलं.

बोटाला शाई लागली.

त्या कागदाला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. मी साबणानं हात धुतले, मग राखेनं, मग रॉकेलनं. डाग चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत मी कुठंही सही केली नाही. बोटं जुळवायचा धीर होत नव्हता. ती ट्रंक आता मी उघडत नाही. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, आणि किल्ली मागायला यावं.

आत्याला निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत नोकरी लागली. टायपिंगची परीक्षा पास असलीच पाहिजे, अशी मालकाची अट होती. पंचवीस वर्षं तिनं तिथला सगळा पत्रव्यवहार हातानं लिहिला. वखारीत टाइपरायटर नव्हता.