पावसाला दिसणारी बाजू

"गिऱ्हाईकाला लाकूड निवडायला बसवू नये," सासूबाईंनी तिला केव्हाच बजावलं होतं. "लाकूड आपण ठरवायचं, त्याला फक्त रंग विचारायचा. नाहीतर तो ठाण मांडून बसतो."

तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नवरा गेल्यावर त्याचं कोरीव पाट्यांचं वर्कशॉप तीच चालवत होती. कॉलेजात अक्षरकला शिकलेली, त्यामुळे चार गोष्टी समजावून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. माणसाने आपली पाटी डोळे उघडे ठेवून निवडावी, असं तिचं म्हणणं.

आणि मग एका ढगाळ दुपारी वर्कशॉपच्या फाटकाशी एका माणसाच्या टोपलीची कडी तुटली. आतली मांजर निसटली ती थेट भुशाच्या ढिगात शिरली, आणि तिच्यामागे तोही. आवाज ऐकून ती वर्कशॉपमधून बाहेर आली तेव्हा तिला दिसले फक्त दोन बूट आणि भुशाने माखलेली पँट.

"चावते का?" लेकीला मागे ओढत तिने विचारलं. लेक चार वर्षांची, एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"मलाच चावते," ढिगातून आवाज आला. "डॉक्टर कोण ते… बरोबर ओळखतात या."

तो प्राण्यांचा डॉक्टर होता. कडी बसवून होईपर्यंत त्याने कुंपणावरच्या पाट्या बघून घेतल्या आणि आपलं दुखणं सांगितलं. त्याच्या दवाखान्याची पत्र्याची पाटी गंजली होती. 'प्राण्यांचा' हा शब्द पुरता उडाला होता, नुसता 'दवाखाना' उरला होता. त्यामुळे खोकला झालेली माणसंही येऊन बसायची.

"मग काय करता त्यांचं?"

"जीभ बघतो, आणि योग्य डॉक्टरकडे पाठवतो." तो जरा थांबला. "सवयीने… कानही बघतो."

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. आपलंच हसणं ऐकून जरा बावरलीही.

मग लाकडं निघाली. तिने टेबलावर तुकडे मांडले आणि एकेकाची कुंडली सांगत गेली. पाइन कोरायला लोण्यासारखं, पण त्याच्या गाठींतून चीक येतो आणि वरचा पांढरा रंग पिवळा पडतो. प्लायवूड दिसायला सरळ, पण कडा उघड्या राहिल्या की त्याचे पदर सुटतात. सागवान टिकाऊ, मात्र अंगचंच तेलकट. आधी थिनरने पुसलं नाही तर रंग धरत नाही, आणि पुसलं तरी दरवर्षी घासून पुन्हा रंगवावं लागतं. आणि प्लास्टिकची जाड शीट. तिला ना वाळवी लागते, ना पाणी.

डॉक्टरने प्रत्येक तुकडा जनावराचं पोट तपासावं तसा बोटांनी ठोकून पाहिला, कानाशी नेला आणि गंभीरपणे म्हणाला, की एवढ्यावरून निदान व्हायचं नाही, पेशंट काही दिवस नजरेखाली ठेवायला हवेत.

म्हणून तिने चारही तुकड्यांवर एकेक अक्षर कोरलं, रंगवलं आणि ते कुंपणावर उन्हापावसात टांगले. तो दर आठवड्याला राउंडला यायचा. कधी हातावर मांजरीचा ताजा ओरखडा, कधी शर्टाला फिनेलचा वास. भुरभुर पाऊस सुरू झाला की दोघं पत्र्याखाली उभी राहायची. तुकड्यांवरून थेंब कसे ओघळतात ते बघायची… निदान बघत असल्यासारखी. बोलणं लाकडावरून सुरू व्हायचं आणि कुठल्या कुठे जायचं. आपल्याला घोड्यांची भीती वाटते, हे त्याने एकदा कबूल केलं. कोणाला सांगू नका म्हणाला. रंगाचा डबा घेण्याआधी त्यावर 'शिसेविरहित' लिहिलंय का ते तीन तीनदा बघते, कारण भिंगरीचं बोट सारखं तोंडात, हे तिनेही सांगितलं. तो हसला नाही. पुढच्या खेपेला त्याने स्वतःच डबा उचलून आधी बारीक अक्षरं वाचली, आणि मगच तो तिच्या हातात दिला.

तेवढ्याने तिच्या छातीत काहीतरी हललं. आणि लगेच तिला त्याचीच भीती वाटली.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. प्लायवूडचे पदर कधीचे सुटले, पाइन पिवळं पडलं, तरी डॉक्टरचं निदान काही होईना. शेंगा सोलता सोलता त्यांनी एकदा सहज विचारलं, की हा माणूस नक्की लाकूडच निवडतोय ना? तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. पण त्याच दुपारी भिंगरी फाटकाच्या गजाला लटकलेली दिसली. खाली उतर म्हटलं तर म्हणाली, "डॉक्टरकाका येईपर्यंत नाही."

असंच ती पूर्वीही लटकायची, बाबा येईपर्यंत. किती समजावलं तरी.

तिने मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा बाकीचे तुकडे काढून ठेवलेले होते.

"शीटचीच करू या," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सडत नाही, फुगत नाही. एकदा लावली की विसरून जायचं. पुन्हा इथे… यायला नको."

 मग ओलं फाटक, तिथे लटकलेली भिंगरी, तिच्या आईचा चेहरा, सगळं त्याने पाहून घेतलं.

"यातलं सगळ्यात जास्त बघावं लागतं असं कुठलं आहे?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"ज्याच्याकडे दरवर्षी लक्ष द्यावं लागतं. घासावं लागतं, रंगवावं लागतं. मला ते हवंय."

"लोक नेमकं उलटं मागतात, डॉक्टर."

"मी सरळच मागतोय. जमत नाहीये, एवढंच."

तिचे हात थिनरच्या बोळ्यावर थांबले. मग आवाज शक्य तितका स्थिर ठेवून ती म्हणाली, "ती बघा, कुठे लटकलीये. एका माणसाची वाट बघून झालीये तिची. पुन्हा कोणाची बघायला लावायचा धीर नाही माझ्यात."

कधीच कुठे जाणार नाही, असं तो म्हणेल असं तिला वाटलं. तसं म्हणाला असता तर तिने त्याला तिथूनच निरोप दिला असता.

"बरं होईलच असं मी कुणाला सांगत नाही," तो हळू म्हणाला. "कुत्र्याच्या मालकालाही नाही. येऊन बघत जाईन, एवढं सांगतो. तेवढंच माझ्या हातात असतं. पण ते मी… चुकवत नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. त्याने इतका भिजलेला, इतका साधा चेहरा करून वाट बघावी, याचा तिला राग आला. मग राग कुठे गेला ते कळलंच नाही. तिने कोपऱ्यातली सागवानाची फळी ओढून टेबलावर पालथी घातली आणि सँडपेपर त्याच्या हातात दिला.

"रेषांच्या दिशेने घासायचं. आडवं नाही. आणि आधी मागची बाजू."

"ती कोणाला दिसते?"

"पावसाला दिसते," ती म्हणाली. "पुढून नुसतं नटवलं आणि मागे कोरं ठेवलं तर पाणी पिऊन फळी वाकते."

तो घासायला लागला. आडवं. तिने त्याच्या हातावर हात ठेवून दिशा बदलली, आणि हात मागे घ्यायला… जरा उशीरच केला. भिंगरी फाटकावरून उतरून आत आली आणि आपल्यालाही एक तुकडा हवा म्हणून हटून बसली. एकच फळी आणि घासणारे तिघं. सासूबाईंनी दारातून एकदा बघितलं आणि निमूटपणे चहाचं आधण वाढवलं.

आता दवाखान्यावर 'प्राण्यांचा' हा शब्द लांबून वाचता येतो. खोकलेवाले तरी येतातच. कानही तपासून घेतात. रंग कुठे उडाला का, ते बघायला ती जाते. आणि तो इकडे येतो, त्याला आता निमित्तही लागत नाही.

तुमच्याही ओळखीत एखादी असेल. वहिनी असेल, मैत्रीण असेल, वरच्या मजल्यावर लेकराला घेऊन एकटी राहणारी कोणी असेल. कसं चाललंय विचारलं की "मस्त, काही नको" म्हणणारी. फोनवर हेच सांगेल, दारातही हेच सांगेल. ती झाली पुढची बाजू. आज संध्याकाळी जरा जाऊन बघा तिच्याकडे. आत जाऊन बसा.