एकशे सत्तर ठोके

फलकावर लाल दिवा लागला आणि डॉ. वैजयंती घोरपडे यांनी चहाचा कप बशीत ठेवला. खेळघर क्रमांक चार. खेळाडू शार्दूल, वय चौदा, वजन एक्क्याऐंशी किलो. नाडी एकशे सत्तर.

शार्दूल त्यांचा मुलगा होता.

"पळतोय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम," इरफान मुजावर म्हणाला. खेळाची सगळी यंत्रणा त्यानेच बांधली होती. "नऊ मिनिटं झाली, जागचा हललेला नाही."

काचेपलीकडे शार्दूल खरंच खांबासारखा उभा होता. डोळ्यांवर दृश्यचष्मा, मनगटावर स्पंदनपट्टी, हात अंगाशी घट्ट. कपाळावरून घाम गळत होता. हातपाय न हलवता हृदय इतकं धडधडत राहिलं तर पोर उभ्या उभ्या कोसळू शकतं, हे वैजयंतीबाईंना कुणी सांगायला नको होतं.

कोल्हापूरजवळच्या या प्रयोगशाळेत चाळीस मुलं रोज खेळायला येत. चष्म्यात दिसणारे चेंडू चुकवायचे, ओढे ओलांडायचे. काटकुळी पोरं शंभर उड्या मारून हसत बाहेर पडत, अंगाने भरलेली विसाव्या उडीला गुडघे धरून बसत. म्हणून वैजयंतीबाईंनी नियमच बदलला. उड्या मोजायच्याच नाहीत. प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या पातळीवर गेले की व्यायाम झाला. ते कसं साधायचं हे खेळनियंता नावाची आज्ञावली स्वतः शिकणार होती. महिन्याभरात जाड मुलांचे आलेख बारीक मुलांच्या आलेखांना जाऊन भिडले, गुडघ्यांची एक तक्रार नाही. परिषदेत टाळ्या पडल्या. बाईही खूश होत्या, का नसाव्यात?

"मॅडम, आपलं चुकलंय," इरफान पडद्यावरच्या नोंदी चाळत म्हणाला. "गुडघे जपायचे म्हणून जितके किलो जास्त तितक्या उड्या कमी, असं बंधन आपणच घातलं. आणि व्यायाम ओळखायचा फक्त ठोक्यांवरून. बारीक पोरांना खेळनियंता पळवतो. शार्दूलला पळवायची त्याला परवानगीच नाही. मग न हलवता ठोके वाढवायचे कसे?"

"भीती," वैजयंतीबाई म्हणाल्या.

इरफानने शार्दूलला दिसणारं दृश्य पडद्यावर घेतलं. त्यात भूत नव्हतं की वाघ नव्हता. शाळेचं मैदान होतं, चहूबाजूंनी मुलं बसली होती आणि सगळी गप्प राहून त्याच्याकडे बघत होती. बास, एवढंच.

"बंद कर ते!"

"केलंय. पण दृश्य हळूहळू विझतं, दोन मिनिटं लागतील."

दोन मिनिटं थांबेल ती आई कसली! त्या दार ढकलून आत धावल्या आणि त्यांनी शार्दूलच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला.

"संपलं रे राजा, खेळ संपला. मी आलेय ना!"

शार्दूलने डोळे उघडले, आईला पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. मनगटावरचा आकडा बदलला. एकशे ब्याऐंशी.

"आई, मी काही खाल्लं नाही गं. शप्पथ!"

"मॅडम, बाहेर या," ध्वनिक्षेपकातून इरफानचा आवाज आला. "आधी बाहेर या."

"अरे, त्याचे ठोके वाढताहेत!"

"तेच सांगतोय. नोंदींत आत्ता दिसलं. गेल्या आठवड्यात तुम्ही पाणी द्यायला गेलात, ठोके वाढले. बुटाची नाडी बांधायला गेलात, तेव्हाही वाढले. त्या मैदानाहून जास्त. खेळनियंत्याने ते टिपून ठेवलंय. धोक्याचा दिवा एकशे नव्वदला लागतो, मॅडम. आज एकशे सत्तरलाच त्याने तो स्वतः लावला. तुम्ही आत जावं म्हणून."

वैजयंतीबाईंना घरचा वजनकाटा आठवला. रोज सकाळी दात घासायच्या आधी त्या मुलाला वजनकाट्यावर उभं करत. आकडा मोठ्याने वाचत. पावशेर जरी वाढलं तरी ताटातली अर्धी भाकरी उचलून घेत, आणि काही बोलत नसत. ही माया आहे आणि शास्त्रही आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांनी त्याच्याकडे नेलेला हात मागे घेतला. एक पाऊल मागे गेल्या. एकशे शहात्तर. आणखी एक. एकशे एकोणसत्तर. त्यांना रडू फुटत होतं, पण रडण्याचा आवाज झाला तर आकडा चढेल या धास्तीने त्यांनी ओठ दाबून धरले. उंबऱ्यापलीकडे जाऊन त्यांनी दार अलगद लावलं. इरफान पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या शेजारून आत गेला.

फलकासमोर उभ्या राहून त्या आकडे उतरताना बघत राहिल्या. एकशे चाळीसच्या आसपास आकडा अडला, तो हलेचना. मग ध्वनिक्षेपकातून काचेकडे पाठ करून उभ्या असलेल्या शार्दूलचा दबका आवाज आला.

"काका, आई गेली का?"

इरफानने काचेकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी 'हो' म्हणून मान हलवली.

"गेली," तो म्हणाला, आणि आकडा पुन्हा उतरू लागला.