मुकी तार

तार तुटली म्हणून पलटणीत कोणी घाबरत नसे. कधी तोफगोळ्यानं तुटे, कधी खेचराच्या पायानं. मग तारवाल्याच्या नावानं हाका सुरू होत.

तारवाला म्हणजे पायदळातला साधा शिपाई. भरती होण्याआधी घरोघरी विजेची कामं करायचा, एवढ्याच पापापायी पलटणीनं त्याच्या गळ्यात टेलिफोनच्या तारेचं रीळ अडकवलं होतं. "बाकीचे मरायला जातात, मी त्यांना हॅलो म्हणायला जातो," असं तो म्हणे आणि स्वतःच हसे.

त्या दुपारी मात्र त्याला हसू येईना. पुढच्या चौकीवर त्याचा धाकटा भाऊ होता, आणि दिवस मावळायच्या आत आपल्याच तोफा त्या चौकीवर मारा करणार होत्या. शत्रू तिथवर येऊन ठेपणार अशी पक्की खबर होती. चौकी सोडून मागं या, एवढाच हुकूम पोचवायचा, तर नेमकी तार मुकी झालेली. निरोप घेऊन गेलेला जवान धुक्यात वाट चुकला आणि गोल फिरून पुन्हा आपल्याच खंदकात येऊन पडला.

"तार जोडलीस की तिथूनच हुकूम दे," साहेब म्हणाले. "इथं सांगायला येऊ नकोस. तोफा थांबायच्या नाहीत."

फोनची पेटी खांद्याला लावून तारवाला निघाला. तार मुठीतून सरकवत चालायचं, हीच त्याची वाट. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. ओल्या मातीचा आणि जळक्या गवताचा वास नाकात बसला होता. काही वेळानं मुठीतली तार संपली. तो गुडघ्यांवर बसला आणि दुसरं टोक चिखलात चाचपू लागला.

जोडण्याआधी तारेवरची पट्टी बघायची असते. प्रत्येक चौकीच्या तारेला वेगळ्या रंगाची पट्टी, हा नियम त्यानंच घातलेला. पण आज त्याला तेवढाही धीर नव्हता. टोक हाताला लागलं आणि त्यानं ते जोडून टाकलं. पेटी लावली, दांडी फिरवली.

"कोण?" आवाज घोगरा होता, खोल विहिरीतून आल्यासारखा.

"मागून बोलतोय. हुकूम आहे. चौकी सोडा, सगळे मागं या."

तारेतून घरघर आली.

"खरंच... मागं यायचं?"

"अरे, खरंच म्हणजे काय? निघा लवकर!"

"फार वाट पाहिली हो..." आवाज रडवेला झाला. "हुकूमच येईना. वाटलं, विसरलात आम्हाला..."

तारवाला चिडला. सकाळीच तर बोलणं झालं होतं. "माझा भाऊ आहे तिथं. त्याला दे फोन."

"इथं कुणाचा भाऊ नाही..." आवाज म्हणाला. "वाटेत असेल, तर घेऊन येतो."

घरघर थांबली. तारवाल्यानं पेटी उचलायला हात टेकला, तर हाताखाली आणखी एक टोक आलं. त्यावर लाल पट्टी होती. धाकट्याच्या चौकीची.

मग आपण जोडलं ते काय? त्यानं ती आधी जोडलेली तार ओढली. ती सहज आली, चार हात आली आणि संपली. पलीकडचं टोक गंजून तुटलेलं होतं, त्यातून चिखल गळत होता. मागच्या हिवाळ्यात तिकडेच आणखी पुढं एक चौकी होती. तिची तार तुटली, मागं फिरायचा हुकूम पोचलाच नाही, आणि तिथलं कोणी परतलं नाही. त्यांची तार गुंडाळायची तेवढी राहून गेली होती.

घाईघाईनं त्यानं लाल पट्टीची तार जोडली आणि दांडी फिरवली. पुन्हा फिरवली. कोणी उचलेना. तो फिरवतच होता, तोच डोक्यावरून पहिला गोळा शीळ घालत गेला. तारवाला तिथंच चिखलात बसून लहान मुलासारखा रडला.

मग बुटांचा आवाज आला. धुक्यातून एकेक जवान बाहेर पडू लागला. कोणी भरकटू नये म्हणून प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटी धाकटा आला आणि तारवाल्याच्या जिवात जीव आला.

"हुकूम कसा मिळाला रे तुम्हाला?"

"फोन तर मुकाच होता, दादा. हा आला सांगायला." धाकटा मान वळवत नव्हता. "शत्रूच्या बाजूनं आला, आम्ही गोळीच घालणार होतो. म्हणाला, हुकूम आलाय, मागं चला... खांद्यावर हात ठेवला तो ठेवलाच. दादा, त्याला सांग ना, पोचलो आता. हात काढ म्हणावं. फार जड झालाय..."

तारवाल्यानं भावाच्या मागं पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त भावाच्या खांद्यावरचं ओलं कापड पाच बोटांच्या जागी आत दबलेलं होतं. आणि मागं, धुक्यात, एकामागून एक बूट थांबल्याचे आवाज येत होते. ते बराच वेळ येत राहिले.